दुसऱ्या खर्ड्याला गुण द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे.



पत्रास कारण की, दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत लेखनासाठी राखलेले गुण लेखनाला मिळत नाहीत, ते पाठांतराला मिळतात. मी एका तालुक्याच्या गावी नववी-दहावीला मराठी शिकवते आणि परीक्षेनंतर मंडळाच्या उत्तरपत्रिकाही तपासते. त्यामुळे हा प्रश्न मला फळ्याकडून आणि गठ्ठ्याकडून, दोन्ही बाजूंनी दिसतो. पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण ते आपल्याइतकंच पालकांनी आणि माझ्या सहकाऱ्यांनीही वाचायला हवं. निबंधाचं गाइड पालक विकत आणतात आणि कोणतं आणायचं ते बहुतेक वेळा शिक्षक सांगतात.

मूळ मागणी एकच आहे. मुलाला एकच मजकूर पुन्हा लिहायला लावा, आणि त्या पुन्हा लिहिण्याला गुण द्या.

मराठीची लेखी परीक्षा ८० गुणांची. त्यातले २४ गुण उपयोजित लेखनाचे: पत्र किंवा सारांश, मग जाहिरात, बातमी, कथा यांपैकी दोन, आणि शेवटी ज्याला आपण सगळे अजून निबंधच म्हणतो ते ८ गुणांचं लेखन. हा विभाग कृतिपत्रिकेत सगळ्यांत शेवटी येतो. तिथे पोचेपर्यंत मुलाचा हात दुखत असतो, पर्यवेक्षक ‘शेवटची वीस मिनिटं’ म्हणून सांगून गेलेले असतात, आणि समोर विषय असतो ‘पावसाळ्यातील एक दिवस’. मूल विचार करत बसत नाही. पाठ केलेलं उतरवतं.

म्हणून गठ्ठ्यातल्या प्रत्येक उत्तरपत्रिकेत आकाशात काळेकुट्ट ढग दाटून येतात, विजा कडाडतात, धरणी हिरवा शालू नेसते आणि मोर थुईथुई नाचतो. रत्नागिरीच्या मुलाचा आणि लातूरच्या मुलीचा पाऊस एकाच गाइडातून पडतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या मुलीकडे पावसाबद्दल सांगण्यासारखं काहीच नसेल, यावर माझा विश्वास नाही. तिच्याकडे आहे. पण ते लिहिलं तर गुण मिळतील का, हे तिला ठाऊक नाही, आणि शालूला मिळतात हे मात्र पक्कं ठाऊक आहे.

मुलांना यात आळशी म्हणता येत नाही. न पाहिलेल्या विषयावर, वीस मिनिटांत, एकदाच, खाडाखोड न करता, शंभर-सव्वाशे शब्दांचा नीटस मजकूर लिहा, ही मागणी कुठल्याही कसलेल्या लेखकाला घाम फोडील. ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढे ठेवली की त्याने शोधलेला उपाय अगदी व्यवहारी आहे: दहा विषय पाठ करायचे आणि अकरावा आला तर त्यातलाच एक वाकवायचा. ‘नदीचे आत्मवृत्त’ पाठ असलेलं मूल ‘रस्त्याचे आत्मवृत्त’ आलं की नदीवर डांबर टाकतं. परीक्षा जे मागते तेच मूल देतं. बदलायला हवी ती आपली मागणी.

शाळकरी वयात स्वतःच्या आवाजात लिहिता येत नाही, तो आवाज पुढे वयाबरोबर येतो, असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी मुक्ता साळवेकडे बोट दाखवते. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी ही मुलगी चौदा वर्षांच्या आसपासची होती. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ने १८५५ साली फेब्रुवारी आणि मार्चच्या दोन अंकांत छापला. म्हणजे आधुनिक मराठी गद्याच्या सुरुवातीच्या ठळक पानांत एका शाळकरी मुलीचा निबंध आहे. आज तो विद्यापीठांत वाचला जातो.

तो कशामुळे टिकला? विषय मोठा होता हे खरं, पण त्याच विषयावर गुळगुळीत, उसासे टाकणारं लिहिणं सहज शक्य होतं. मुक्ताने दोन गोष्टी केल्या. एक, तिने एक विचार धरून तो शेवटपर्यंत नेला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमच्याकडे धर्माचं पुस्तकच नाही, आणि पुस्तक नाही तर आम्ही धर्मरहित झालो. मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असा तिचा रोकडा सवाल आहे. दोन, तिने डोळ्यांसमोरचं लिहिलं. डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पाऊस अंगावर, अशात तिच्या समाजातल्या बायका बाळंत होतात तेव्हा काय भोगतात, ते तिने सांगितलं. वर्गात हा निबंध वाचला की मुलं गप्प होतात, आणि नंतर एक प्रश्न हमखास येतो: ‘बाई, असं लिहिलं तर चालतं?’

चालतं, असं मंडळाने सांगावं यासाठी हे पत्र.

आता ‘पुन्हा लिहिणं’ का, ते सांगते. मुलाला ‘तुझ्या मनातलं लिही’ असं नुसतं सांगितलं तर त्याच्या मनातून पहिल्यांदा गाइडच बाहेर येतं. यात नवल नाही. कानावर जे वारंवार पडलं तेच आधी जिभेवर येतं. ते बाहेर पडून जायला एक खर्डा द्यावा लागतो. स्वतःचं असं काही बहुधा त्याच्या खाली सापडतं. गाण्याच्या परीक्षेला बसणाऱ्याने रियाज केलेला असतो हे आपण गृहीत धरतो. लेखनाच्या परीक्षेत मात्र मैफलच बघतो आणि रियाज कुणी करून घेतला का, हे विचारतही नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: खरे लेखक एका बैठकीत लिहितात, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. खरं आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत ९ तारखेला सुरुवात केली आणि १३ ला पुस्तक हातावेगळं केलं. पण त्या पाच दिवसांच्या मागे काय होतं ते पाहा. त्याआधी गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते आणि मुलांसाठी हाताने लिहिलेलं ‘छात्रालय’ दैनिक काढत होते. रोज, ओळखीच्या वाचकासाठी, तो वाचेल अशा बेताने लिहायचं. गोष्टी सांगण्याची त्यांची सवय तर सगळ्यांना माहीत आहे. जे पाच दिवसांत कागदावर आलं त्याचे खर्डे आधी तोंडी होऊन गेलेले होते. सांगणं हाही खर्डाच असतो, आणि तो आपल्या शाळांत फुकट उपलब्ध आहे.

दुसरं उदाहरण ‘सत्यकथा’ मासिकाचं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी दोन-तीन पिढ्यांच्या लेखकांना सविस्तर पत्रं लिहिली, कथा परत पाठवल्या, अमुक पात्र इथे असं का वागतं ते विचारलं, पुन्हा लिहून घेतलं. मराठी नवकथेच्या घडणीत या परतीच्या टपालाचा वाटा मोठा आहे. मात्र याच ‘सत्यकथा’चा अंक १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी जाळला. या एका अभिरुचीच्या चाळणीतून आपली भाषा, आपलं जगणं येऊच शकत नाही, असा त्यांचा राग होता. पुढच्या दहा-वीस वर्षांत ‘गोलपिठा’, ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘उचल्या’ ही पुस्तकं आली आणि त्या रागात तथ्य होतं हे सिद्ध झालं.

शिक्षकाने या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात. प्रश्न विचारणारा वाचक मिळाला की लेखन सुधारतं. पण तोच वाचक ‘असं नाही, असं लिही’ म्हणून आपली वाक्यं पुरवू लागला की लेखन त्याचं होतं. म्हणून माझ्या वर्गात एक नियम आहे: मुलाच्या खर्ड्यावर मी विधान लिहीत नाही, फक्त प्रश्न लिहिते.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते थोडं तपशिलात सांगते, कारण मंडळाला करायचं असेल तर तपशीलच लागेल.

एका मजकुराला साधारण महिना द्यायचा. पहिल्या आठवड्यात लिहायचंच नाही, सांगायचं. बाकावरच्या जोडीदाराला. ऐकणाऱ्याचं काम एवढंच की त्याला जे कळलं नाही ते विचारायचं, आणि विचारलेले प्रश्न सांगणाऱ्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून द्यायचे. मग पहिला खर्डा, वर्गातच, एका तासिकेत. खोडरबर दप्तरात. शब्द अडला तर रेघ मारून पुढे जायचं. घरी बोलतो त्या भाषेत लिहिलं तरी चालेल, हे फळ्यावर लिहून ठेवायचं. नंतर वह्या आठवडाभर कपाटात बंद. चौथ्या टप्प्यात जोडीदाराने तो खर्डा मोठ्याने वाचायचा आणि लिहिणाऱ्याने नुसतं ऐकायचं. वाचणारा जिथे अडखळतो तिथे वाक्य बिघडलेलं असतं. व्याकरणाचा नियम सांगावा लागत नाही, कानाला कळतं.

मग दुसरा खर्डा. त्यात तीन कामं असतात. पहिला परिच्छेद झाकून बघायचा. काही अडत नसेल तर तो काढून टाकायचा. दहातल्या आठ वेळा तो निघतो, कारण मूल तिथे अजून लिहायला बसत असतं. दुसरं काम, वर्गातल्या कुणीही लिहिलं असतं अशी वाक्यं पेन्सिलीने गोल करायची आणि त्या प्रत्येकाच्या जागी फक्त मला माहीत आहे असं काहीतरी ठेवायचं, नाहीतर ती जागा मोकळी सोडायची. तिसरं, वस्तूंना त्यांची नावं द्यायची. झाड लिहिलं असेल तर कुठलं झाड? ‘गावाला गेलो’ तर कुठल्या गावाला, कशातून? शुद्धलेखन याच्याही नंतर, सगळ्यांत शेवटी, कोश हातात घेऊन.

एका मुलीची वही माझ्यासमोर आहे. तिच्या परवानगीने लिहिते. विषय होता ‘माझी आई’. पहिल्या खर्ड्यात आई मायेचा सागर होती, पहाटे उठत होती, सडा-रांगोळी करत होती आणि गरमगरम डबा देत होती. बाकावरच्या मैत्रिणीने एकच प्रश्न लिहून दिला: ‘तुझी आई तर कारखान्याला गेलीय, मग डबा कोण देतं?’ या मुलीचे आई-वडील ऊसतोडणीला जातात. हंगाम सुरू झाला की कोयता घेऊन टोळीबरोबर निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. घरी आजी, ही आणि एक शेळी. दुसऱ्या खर्ड्यात सागर आटला होता. त्यात असं होतं: ‘आई फोनवर आधी शेळीचं विचारते, मग माझं. आधी मला राग यायचा. आता कळतं, शेळीचं बोलणं लवकर संपतं.’

या तीन वाक्यांत एकही विशेषण नाही, एकही अलंकार नाही. तिला हे कुणी शिकवलेलं नाही आणि मीही शिकवू शकले नसते. मैत्रिणीच्या प्रश्नाने एक खोटं वाक्य अडवलं. त्या रिकाम्या जागेत तिने स्वतःचं शोधलं. मुलांना मी आवाज म्हणजे काय ते यावरून सांगते. कुणाला आधी काय दिसलं, कोणत्या क्रमाने सांगितलं, काय सांगायचं टाळलं, या निवडी म्हणजे आवाज. त्या निवडी करायला वेळ आणि दुसरी संधी लागते. वीस मिनिटांत निवड करता येत नाही, आठवतं तेवढं लिहिता येतं.

इथे एक सावधगिरी हवी. स्वतःचा आवाज म्हणजे स्वतःचं दुःख, असा समज शिक्षकांचा पटकन होतो आणि मग मुलांना कळतं की बाईंना गरिबी आवडते. त्याचंही गाइड निघेल. पिंपरी-चिंचवडला शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या वर्गातल्या एका मुलाने त्याच्या इमारतीतल्या लिफ्टवर लिहिलं होतं: लिफ्टमध्ये सातव्या मजल्यापर्यंतच गप्पा होतात, कारण सातव्या मजल्यावरच्या काकू उतरल्या की उरलेले सगळे वर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचू लागतात. हसतंखेळतं, निरीक्षणाचं, सर्वस्वी त्याचं. त्यालाही तेवढेच गुण हवेत. आणि ज्या मुलाला घरातलं काही सांगायचं नाही त्याला न सांगण्याचा पूर्ण हक्क हवा. क्रिकेटच्या चेंडूला शिवण कशी असते यावरही आवाज लागतो.

आता भाषेचा मुद्दा, कारण परीक्षकाचा लाल पेन सगळ्यांत आधी तिथेच जातो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार घातले, आणि हे अठरा नियम शिकवणं माझं कामच आहे. ते मी शिकवते. पण ऱ्हस्व-दीर्घ ही लेखनाची शेवटची पायरी आहे आणि आपण ती पहिली केली आहे. पहिल्याच खर्ड्यावर लाल गोल दिसले की मूल पुढच्या वेळी चुकणार नाही असेच शब्द वापरतं, म्हणजे कमी शब्द, आणि ते गाइडातले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची टर उडवली होती. विष्णुशास्त्र्यांचं गद्य डौलदार होतं यात शंका नाही. पण जोतीरावांचं गद्य कुळवाड्याला काय झोंबतं ते बरोबर सांगत होतं आणि आज ते त्याच ‘अशुद्ध’ भाषेसकट वाचलं जातं. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ (१९७१) एका मराठवाडी बाईच्या तोंडून सांगितलेली आहे आणि तिची भाषा तिच्याच गावाकडची आहे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधून (१९६०) वऱ्हाडी काढून टाकली तर कादंबरीच उरणार नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी उतरवून ठेवलेली त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि सगळ्या मराठी मुलखाने खानदेशातली बोली डोक्यावर घेतली. आपणही पाठ्यपुस्तकांतून बोलीतलं साहित्य शिकवतो, त्यावर प्रश्न विचारतो, रसग्रहण करून घेतो. आणि त्याच कृतिपत्रिकेत दोन पानं पुढे मुलाने ‘म्या’ लिहिलं की गुण कापतो.

प्रमाण भाषा यायलाच हवी. पत्रलेखनात, सारांशात, बातमीत तिचा आग्रह धरा, गुण कापा. पण अनुभव सांगण्याच्या लेखनात बोलीला मोकळीक द्या. ज्या मुलांची घरची भाषा अहिराणी, पावरी, कोरकू किंवा गोंडी आहे त्यांच्यासाठी तर पहिला खर्डा घरच्या भाषेत हा एकमेव दरवाजा आहे. तिथून मराठीत येताना ती मुलं दोन्ही भाषांचा विचार करतात, आणि तो विचार वहीत दिसतो.

आणखी एक कारण आहे, ज्यामुळे हा विषय आता लांबवता येणार नाही. गाइड विकत घ्यावं लागायचं आणि पाठ करावं लागायचं. आता मोबाइलला विषय सांगितला की तो क्षणात निबंध लिहून देतो. शुद्ध, सुबक आणि कुणाचाच नसलेला. घरी लिहून आणायला सांगितलेल्या कुठल्याही प्रकल्पाचं, स्वाध्यायाचं मोल यामुळे कमी झालं आहे. केवळ तयार मजकूर तपासून तो मुलाचा आहे की नाही हे मी ओळखू शकत नाही. पण मैत्रिणीने विचारलेले प्रश्न, वर्गात लिहिलेला गिचमिड खर्डा, गोल केलेली वाक्यं आणि त्यांच्या जागी आलेली नवी वाक्यं, ही सगळी वाट एका वहीत दिसत असेल तर शंका राहत नाही. मंडळाला कॉपीची काळजी आहे आणि दरवर्षी त्यासाठी मोठी यंत्रणा उभी राहते. लेखनापुरता तरी कॉपीवरचा स्वस्त आणि खात्रीचा इलाज वाटचाल तपासणं हाच आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

पहिली: मराठीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे जे २० गुण शाळेकडे असतात, त्यांतले १० ‘लेखनवही’ला द्या. वर्षभरात तीन मजकूर, प्रत्येकाचे किमान दोन खर्डे, जोडीदाराच्या प्रश्नांसकट. गुण अंतिम मजकुराच्या सौंदर्याला देऊ नका. पहिल्यापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत मुलाने काय बदललं याला द्या. यात गुणी आणि अडखळत लिहिणारं मूल एका पातळीवर येतं, कारण बदल दोघांनाही करता येतो.

दुसरी: लेखी परीक्षेतले विषय अरुंद करा. ‘माझा आवडता ऋतू’ऐवजी ‘तुमच्या घरात कमी वापरली जाणारी एक वस्तू आणि ती का टाकली जात नाही’ असा विषय द्या. अरुंद विषयाचं गाइड काढणं अवघड असतं आणि त्यावर लिहिणं सोपं.

तिसरी: परीक्षक आणि नियामकांच्या बैठकीत दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहा की स्वतःच्या निरीक्षणाला, नेमक्या तपशिलाला गुण आहेत, आणि अनुभवलेखनात बोलीबद्दल गुण कापायचे नाहीत. सुविचार आणि कवितेच्या ओळी पेरल्याबद्दल वेगळा गुण नाही, हेही लिहा.

चौथी: दरवर्षी निकालानंतर मंडळाने नाव-गाव वगळून, मुलांच्या संमतीने, नऊ विभागांतून निवडलेले काही खरे निबंध प्रसिद्ध करावेत. आज चांगल्या निबंधाचा नमुना मुलाला खाजगी प्रकाशकाकडूनच मिळतो. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून मुलांच्या हातात आहे. अशा मजकुरांना तिथेही जागा देता येईल.

आक्षेप मला माहीत आहेत, कारण ते मीच शिक्षकखोलीत रोज ऐकते. वर्गात साठ-सत्तर मुलं, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं; इतक्या वह्या तपासणार कोण? उत्तर असं की सगळे खर्डे शिक्षकाने तपासायचेच नाहीत. पहिला वाचक जोडीदार. शिक्षकाने प्रत्येक मुलाचा वर्षातून एक मजकूर मनापासून वाचावा आणि त्यावर दोन प्रश्न लिहावेत. आजही आम्ही वह्यांचे ढीग तपासतो. पाठ्यपुस्तकातून उतरवलेल्या उत्तरांखाली सह्या करण्यात जाणारा वेळ इकडे वळवला तर भागेल. दुसरा आक्षेप, अंतर्गत गुण शाळा सढळ हाताने वाटतात. वाटतात. म्हणूनच मंडळाने प्रत्येक विभागातून काही शाळांच्या लेखनवह्या अचानक मागवून पाहाव्यात. तोंडी परीक्षेचा मागमूस उरत नाही, वहीचा उरतो. तिसरा आक्षेप गुणांच्या समानतेचा: आवाजाला गुण देणं व्यक्तिनिष्ठ ठरेल. शालू नेसलेल्या धरणीला कुणी सहा देतं, कुणी साडेसहा, ते तरी कुठल्या मापाने? ‘काय बदललं’ हे त्यापेक्षा मोजायला सोपं आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्याचा अभ्यासक्रम आता टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. दहावीची कृतिपत्रिका कधी ना कधी नव्याने आखली जाईलच. ती आखणाऱ्या समितीसमोर हा विषय ठेवावा. तोवर प्रत्येक विभागातल्या काही शाळांत, त्यांत किमान एक आश्रमशाळा आणि एक महापालिकेची शाळा असेल अशा रीतीने, नववीच्या वर्गात एक वर्ष लेखनवहीचा प्रयोग करून पाहावा. नववीला मंडळाची परीक्षा नसते, त्यामुळे कुणाचं नुकसान होणार नाही. वर्ष संपल्यावर त्या मुलांचे आणि शेजारच्या तुकडीतल्या मुलांचे निबंध एकत्र मिसळून अनोळखी परीक्षकांकडून तपासून घ्या. फरक पडला नाही, तर हे पत्र बाजूला ठेवा. पडला, तर दहावीला लागू करा.

माझी शाळा या प्रयोगासाठी तयार आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. आपण कळवाल त्या दिवशी वह्या घेऊन पुण्याला येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मराठीची एक शिक्षिका